घड्याळाला चावी कोणी द्यायची?

माझ्या वडिलांकडे एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ होते. रात्री जेवणे आटोपली, मागचे दार लावून झाले, की ते दिव्याखाली उभे राहून घड्याळाला चावी देत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती बारीक चावी धरून सावकाश फिरवायची, ताण जाणवला की थांबायचे, घड्याळ कानाला लावून एकदा टिकटिक ऐकायची आणि मग ते उशाशी ठेवायचे. या क्रमात मी कधी खंड पडलेला पाहिला नाही. अपवाद एकच, त्यांना विषमज्वर झाला तेव्हाचा. ते आठ दिवस अंथरुणाला खिळले होते आणि घड्याळ कुठल्याशा पावणेचारवर थांबून राहिले होते. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. वेळ सांगायला स्वयंपाकघरात भिंतीवरचे घड्याळ होतेच.

हे सारे आठवले ते सांगलीच्या एका वाचक भगिनींच्या पत्रामुळे. त्यांच्या सासूबाईंचे वय एक्क्याऐंशी. दिवाळीत धाकट्या दिरांनी त्यांच्यासाठी एक स्मार्ट घड्याळ आणले. नाडीचे ठोके मोजणारे, आणि घालणारी व्यक्ती पडल्यास घरच्यांना आपोआप फोन लावणारे. सासूबाईंनी ते कौतुकाने मनगटावर बांधले. रात्री झोपताना मात्र घड्याळ काढून दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी चार्जिंगला लावायचे, असा घरात शिरस्ता पडला. फोन तसेच लावतात, मग घड्याळही तसेच. एके रात्री अडीचच्या सुमारास सासूबाई लघवीला उठल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. त्यांच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. सकाळी सहाला सूनबाई खाली आल्या तेव्हा त्या थंडगार फरशीवर कुशीवर पडलेल्या होत्या. मनगटाचे हाड मोडले होते, अंगात कापरे भरले होते. “घड्याळ मात्र शंभर टक्के भरलेले होते,” असे त्या भगिनींनी लिहिले आहे. वाक्यात राग आहे, पण तो स्वतःवरच अधिक दिसतो.

पत्राच्या शेवटी त्यांचा प्रश्न असा: अंगातल्या कपड्यांतूनच घड्याळ चार्ज होईल असे कापड निघाले आहे, अशी बातमी वाचनात आली. तोवर थांबावे का? आणि ते येईपर्यंत हे घड्याळ ठेवावे की परत करावे?

उत्तर पुढे येईलच. पण साडेतीन तास फरशीवर पडून राहणे म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पडण्याची आपण जितकी धास्ती घेतो तितकी पडून राहण्याची घेत नाही. वृद्ध शरीर कठीण जमिनीवर एकाच कुशीवर राहिले की दाबाखालच्या त्वचेचा आणि स्नायूंचा रक्तपुरवठा मंदावतो. काही तासांत शय्याव्रणाची सुरुवात होऊ शकते. दाबले गेलेले स्नायू झिजून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. तहान, थंडी आणि भीती आहेतच. आणि यातून सुटका झाली तरी पुष्कळांच्या मनात चालण्याचीच भीती बसते. चालणे कमी होते, पाय दुर्बळ होतात आणि पुढच्या पडण्याची वाट सोपी होते.

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या ११० व्यक्तींचा वर्षभर बारकाईने मागोवा घेण्यात आला होता. तो अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षात साठ टक्के व्यक्ती एकदा तरी पडल्या. पडलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांना निदान एका प्रसंगी आपले आपण उठता आले नाही. तीस टक्के व्यक्ती तासभर किंवा त्याहून अधिक काळ जमिनीवर होत्या. पडण्याच्या दर पाच प्रसंगांपैकी चार प्रसंगी ती व्यक्ती एकटी होती. या आकड्यांहून मला अधिक विचारात पाडणारी गोष्ट वेगळी आहे. मदतीसाठी दाबायचे बटण त्यांतील अनेकांकडे होते, पण दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी ते वापरलेच गेले नाही. साधन घरात असणे आणि साधन कामी येणे यांच्यामध्ये एक दरी आहे. सांगलीच्या घरात त्या दरीचे नाव ‘चार्जिंग’ होते.

वडिलांच्या घड्याळाला दिवसातून एकदा चावी लागे, आजच्या अनेक स्मार्ट घड्याळांनाही दिवसा-दीड दिवसाने लागते. ही नवी चावी देण्यासाठी घड्याळ मनगटावरून उतरवावे लागते आणि तास-दीड तास दूर ठेवावे लागते, एवढाच काय तो फरक. तरुणांना तो जाणवत नाही. पण मोतीबिंदूने धूसर झालेली नजर, संधिवाताने आखडलेली बोटे किंवा कंपवाताने थरथरणारा हात यांना तो पट्टा सोडणे, घड्याळाची पाठ चार्जरवर नेमकी बसवणे आणि परत बांधणे ही दररोजची कसोटी असते. स्मरणशक्ती उतरणीला लागली असेल तर काढलेले घड्याळ परत बांधायचे राहूनच जाते. म्हणून कपड्यांतून चार्जिंग ही केवळ चैनीची कल्पना आहे असे मी म्हणणार नाही. तिचा खरा लाभार्थी कोणी असेल तर तो ज्येष्ठ नागरिकच होय.

आता ती कल्पना काय आहे ते पाहू. तिचे मूळ १८३१ सालचे आहे. मायकेल फॅरडे यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील वीजप्रवाह जोडताना किंवा तोडताना दुसऱ्या वेटोळ्याशी जोडलेली सुई हलते, असे त्यांना दिसले. दोन्ही तारा एकमेकींना कोठेही जोडलेल्या नव्हत्या. बदलता वीजप्रवाह बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र शेजारच्या तारेत वीज जागवते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. स्मार्ट घड्याळ ज्या चकतीवर ठेवतो त्या चकतीत एक वेटोळे असते आणि घड्याळाच्या पाठीत दुसरे. (स्वस्त घड्याळांत पुष्कळदा असे काही नसते. तेथे धातूचे दोन ठिपके चार्जरच्या टोकांना टेकवावे लागतात. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे, कारण थरथरत्या हाताला चुंबकाने आपोआप चिकटणारा चार्जर केव्हाही सोयीचा.)

बिनतारी वीज ऐकायला नवी वाटते, पण ती आपल्या घरांत केव्हाच शिरली आहे. दुकानात यंत्राला नुसते टेकवून पैसे चुकते करण्याचे बँकेचे कार्ड घ्या. त्यात बॅटरी नसते. यंत्रासमोर धरले की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच कार्डातील चिप क्षणभर जागी होते. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या व्यक्तीच्या कानामागे, केसांत, एक गोल चकती चिकटलेली दिसते. ती त्वचेखालच्या उपकरणाला त्वचेतूनच वीज आणि ध्वनीचा संदेश दोन्ही पुरवते. आतील उपकरणात बॅटरी नसते. कंपवातासाठी मेंदूला सूक्ष्म विद्युतसंवेदना देणारे जे उपकरण छातीत त्वचेखाली बसवतात, त्याचे काही प्रकार पुन्हा चार्ज करता येतात. रुग्ण त्यासाठी गळपट्टीसारखा एक पट्टा कपड्यांवरून घालून स्वस्थ बसून राहतो. अंगावर ल्यायच्या वस्तूतून चार्जिंग आज खरोखर कोठे चालत असेल, तर ते अशा रुग्णांच्या बाबतीत.

मग हे वेटोळे थेट कापडातच का विणू नये? येथे आपल्या पैठणीची आठवण येणे स्वाभाविक आहे. अस्सल जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती घट्ट गुंडाळलेली. ती वीजवाहक असते, जरी ती विणणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. (हल्लीची प्लॅस्टिकची जर नव्हे. ती नुसतीच चमकते.) गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमधील संशोधकांनी वीजमंडले असलेले कापड करून पाहिले, तेव्हा त्यांनी वापरलेल्या वस्त्रांपैकी एक होते तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या रेशमी धाग्याचे ऑर्गेंझा. अशा तऱ्हेचे कापड भारतात पिढ्यान्‌पिढ्या विणले जात आहे, याची त्यांनी आवर्जून नोंद केली आहे. त्याच दशकात जॉर्जिया टेक या संस्थेत सुंदरेसन जयरामन यांनी सैनिकांसाठी एक सदरा तयार केला. जखम कोठे झाली आणि नाडी कशी चालली आहे हे त्यातील धाग्यांनी कळवावे, हा हेतू होता. तो सदरा पुढे रुग्ण आणि अर्भकांच्या देखरेखीसाठीही सुचवला गेला.

चार्जिंगच्या दृष्टीने मला सर्वांत उद्बोधक वाटलेले काम २०२० मधले, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले आहे. तेथील संशोधकांनी साध्या सदऱ्यावर संगणकचलित भरतकाम यंत्राने वीजवाहक धाग्याची नक्षी भरली. खिशातील फोन बँकेच्या कार्डाला टेकवण्याच्या पद्धतीने जे क्षेत्र निर्माण करतो, ते ही नक्षी उचलते आणि धाग्यावाटे शरीराच्या दुसऱ्या भागापर्यंत, मीटरभर अंतरावरही नेते. तेथे चिकटवलेला बॅटरीविरहित सेन्सर त्या विजेवर चालतो. कोठे तार जोडायची नाही, कोठे बटण लावायचे नाही. या सदऱ्याने पाठीच्या कण्याची ठेवण, शरीराचे तापमान आणि चाल यांची मोजणी करून दाखवली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतील संशोधकांनी सदरा आणि विजार या दोन वेगळ्या कपड्यांमध्ये असा दुवा एकमेकांना न जोडता साधता येतो हे दाखवले. टोकियो विद्यापीठात अशी नक्षी नागमोडी वळणांनी विणण्यावर काम चालले आहे. शेजारशेजारच्या वळणांत वीज उलटसुलट दिशांनी वाहते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र कापडाच्या पृष्ठभागालगतच राहते आणि शरीरात खोलवर शिरत नाही. अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्त्राच्या बाबतीत ही खबरदारी फार मोलाची आहे.

ऊन वापरणारे कापडही झाले आहे. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने २०२२ मध्ये बाराशे सूक्ष्म सौरघट विणलेला सुमारे ५१ सेंटीमीटर लांब आणि २७ सेंटीमीटर रुंद असा तुकडा सादर केला. भर उन्हात त्यातून ४०० मिलिवॉट वीज मिळते. स्मार्ट घड्याळाची बॅटरी साधारण एक ते दीड वॉट-तासाची धरली तर ती भरायला कडक उन्हात तीन-चार तास उभे राहावे लागेल. ज्येष्ठांना मी तरी हा उपाय सुचवणार नाही.

येथेच बातमी आणि वास्तव यांच्यातील अंतर दिसू लागते. सिंगापूरच्या सदऱ्यातून मिळणारी वीज मिलिवॉटच्या घरातली. ताप मोजणाऱ्या नखाएवढ्या सेन्सरला ती पुरते, कारण त्याला पडदा नसतो, आवाज नसतो, फोन लावायचा नसतो. पण पडल्यावर मुलाला फोन करणारे, उजळ पडद्याचे घड्याळ तिच्यावर भरणार नाही. टेबलावरची चकती घड्याळाला वॉटच्या हिशेबाने, म्हणजे शेकडो पट वीज पुरवते, आणि तेही दोन वेटोळी अगदी समोरासमोर, काही मिलिमीटर अंतरावर असताना. वेटोळ्याच्या व्यासाएवढे अंतर पडले की ही देवाणघेवाण झपाट्याने क्षीण होते. अस्तनी तर सतत हलते, चुरगळते, कोपराशी दुमडते. शिवाय धाग्यावरील धातूचा थर अत्यंत पातळ असल्याने त्यात तांब्याच्या तारेपेक्षा अधिक वीज उष्णता होऊन वाया जाते. पुरवठा वाढवावा तर कापड तापते. शरीराने शोषायच्या क्षेत्राला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत, त्या ओलांडता येत नाहीत.

आणि धुणे! या एका शब्दावर अनेक प्रयोगशाळा अडल्या आहेत. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा घाम, साबण आणि घर्षण यांनी हळूहळू झिजतो. प्रयोगशाळेत धुलाईची चाचणी यंत्रात, ठरावीक साबणाने होते. आपल्याकडे गरम पाण्यात भिजवणे, ब्रशने घासणे, दगडावर आपटणे आणि दोघींनी दोन टोके धरून पिळणे, असा चतुर्विध संस्कार असतो. लघवीवर ताबा न राहिलेल्या वृद्धाचे कपडे दिवसातून तीनदा बदलावे लागतात. म्हणजे सदरा एक असून भागणार नाही, डझनभर लागतील आणि प्रत्येकात ती नक्षी हवी. अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जागतिक प्रमाणके ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने २०१७ मध्ये स्वतंत्र समिती नेमली आहे. काम चालू आहे.

माझ्या मते ही सोय घराघरांत येईल तेव्हा ती प्रथम सदऱ्यातून येणार नाही. ती आरामखुर्चीच्या हातावरून, उशीच्या अभ्र्यातून किंवा पलंगाच्या कडेच्या पट्टीतून येईल. फर्निचर धुवावे लागत नाही, भिंतीतल्या विजेशी ते जोडता येते, आणि वृद्ध व्यक्ती दिवसाचे अनेक तास ठरावीक जागीच बसते किंवा निजते. मनगट खुर्चीच्या हातावर टेकले की घड्याळाला चावी मिळू लागली, इतके झाले तरी पुष्कळ. हे माझे अनुमान आहे, वृत्त नव्हे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र आजच्याच आहेत. पेसमेकर किंवा हृदयाचा ठोका सावरणारे आयसीडी उपकरण बसवलेल्यांनी चार्जर आणि चुंबक छातीपासून दूर ठेवावेत. काही फोनमधील चुंबकांचा अशा उपकरणांच्या कामावर परिणाम होऊ शकतो असे २०२१ मध्ये निदर्शनास आले. फोन व चुंबकाची साधने किमान १५ सेंटीमीटर आणि बिनतारी चार्जिंग सुरू असताना किमान ३० सेंटीमीटर दूर असावीत, अशी सूचना उत्पादकांकडूनच दिली जाते. सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन ठेवण्याची सवय अनेक आजोबांना असते, ती अशांनी सोडावी. आणि नव्या कापडाच्या बातम्यांचा आधार घेऊन ‘विद्युतचुंबकीय चादर’, ‘ऊर्जावर्धक गादी’ विकणारे दारी आले तर त्यांना दारातूनच निरोप द्यावा. सांधेदुखी बरी करणाऱ्या चुंबकीय गाद्यांवर निवृत्तिवेतन उधळलेले मी पाहिले आहे. संशोधकांच्या कापडाचा उद्देश उपकरणाला वीज देणे हा आहे, माणसाला नव्हे.

मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झालेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. घड्याळ हातात असतानाच पॉवर बँक जोडून चार्ज करण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. चार्ज होताना उपकरण तापते, आणि ज्याला चटका जाणवत नाही त्याच्या पातळ त्वचेवर तो उमटून गेल्यावरच कळतो.

आता सांगलीच्या भगिनींना उत्तर. थांबू नका आणि घड्याळ परतही करू नका. चार्जिंगची वेळ बदला. रात्र ही घड्याळ काढण्याची वेळ नव्हे. अंधार, झोपेची गुंगी, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीचा अंमल आणि लघवीची घाई हे सारे एकत्र येते ते रात्रीच. स्नानाची वेळही नव्हे. अंघोळीला जाताना घड्याळ तसेही काढतात, तेवढ्यात चार्ज करू, हा विचार व्यवहारी वाटतो, पण साबणाच्या फेसाने निसरडी झालेली न्हाणीघराची फरशी ही घरातील सर्वांत घातक जागा असते. घड्याळ पाण्यात चालणारे आहे का हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे आणि असेल तर ते न्हाणीघरातही हातातच राहू द्यावे. मग उरते ती वेळ कोणती? सासूबाई बसलेल्या असतात आणि जवळ कोणी असते, ती. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र, दुपारचे जेवण, संध्याकाळची मालिका, यांपैकी कोणतीही एक. एकदा ठरवली की बदलू नये. चार्जर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीशेजारी, हाताच्या उंचीवर असावा. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला चार्जर म्हणजे उठण्याचे आणखी एक निमित्त. ज्या गावांत वीज ठरावीक वेळी जाते तेथे ही वेळ त्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावी लागेल.

नवीन खरेदी करणाऱ्यांनी रंगीत पडद्यापेक्षा बॅटरी किती दिवस टिकते हे आधी विचारावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी महिनोन् महिने बॅटरी टिकणारे, गळ्यात घालायचे साधे मदत-बटण अनेकदा अधिक उपयोगी ठरते. मात्र ते दाबायचे भान असेल तोवरच. पडल्याचे आपोआप ओळखणारे घड्याळही प्रत्येक पडणे ओळखत नाही. भिंतीला धरून हळूच घसरत खाली बसलेली व्यक्ती त्याच्या लेखी पडलेली नसते. ही सुविधा घड्याळात सुरू केलेली आहे का आणि फोन जवळ नसताना ते संपर्क करू शकते का, हे दोन्ही घरी एकदा तपासून पाहावे. पट्ट्याखालची त्वचा रोज पाहावी. सूज, लाली किंवा ओलसरपणा दिसल्यास मनगट बदलावे. आणि या सर्वांबरोबर पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, उंबऱ्यापाशी धरायला दांडी, तसेच जमिनीवरून हात पोहोचेल इतक्या खाली ठेवलेला एक फोन, यांची जागा कोणतेही घड्याळ घेऊ शकत नाही. त्यांना तर चार्जिंगचीही फारशी चिंता नसते.

एक प्रश्न त्या पत्रात नव्हता, तो मीच विचारला. हे घड्याळ सासूबाईंना स्वतःला हवे आहे का? पडण्याची खबर देणारे साधन नाडी, झोप आणि घरातला वावर यांचीही खबर देते. ती कोणाच्या फोनवर जाते हे त्यांना सांगितले आहे का? कपड्यांतूनच सारे चालू लागेल तेव्हा हा प्रश्न अधिक टोकदार होईल. घड्याळ नको असेल तर ते काढून ठेवता येते, अंगातला सदरा कोण काढून ठेवणार? विसराळू माणसासाठी ती सोय आहे, पण जो विसराळू नाही, केवळ वृद्ध आहे, त्याच्या होकाराचे काय? मला स्वतःला या प्रश्नाचे सरळ उत्तर सापडलेले नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या मावशीच्या बाबतीत मी तिला न विचारता पट्टा बांधला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

भगिनींचे दुसरे पत्र गेल्या आठवड्यात आले. मनगटाचे प्लास्टर निघाले आहे, त्यामुळे घड्याळ तूर्त डाव्या हातात असते. चार्जिंगची वेळ सासूबाईंनी स्वतःच निवडली, दुपारी चार ते पाच. त्या वेळी शेजारच्या काकू चहाला येतात आणि दोघी मिळून गव्हातले खडे काढत बसतात. पहिल्या आठवड्यात दोनदा घड्याळ परत बांधायचे राहिले, तेव्हा काकूंनी आठवण केली. आता चहाची कपबशी उचलण्यापूर्वी पट्टा बांधायचा, असे ठरले आहे. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी दांडी बसवून झाली. रात्रीचा दिवा मात्र सासूबाईंना डोळ्यांवर येतो म्हणून नको आहे, त्यावर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. दिवा पलंगाच्या खाली, गुडघ्याहून कमी उंचीवर आणि पिवळसर प्रकाशाचा लावून पाहावा. पायांजवळची फरशी दिसते आणि डोळ्यांवर येत नाही.